तेलाचा लाल दिवा उशिराच लागतो

डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चित्र उजळलं की बहुतेक चालक एकच अर्थ लावतात: ऑइल कमी झालंय, पुढच्या पंपावर लिटरभर टाकू. पण हा दिवा इंजिनात ऑइल किती आहे हे मोजतच नाही. ते किती दाबानं फिरतंय एवढंच त्याला कळतं, आणि तेही दाब जवळजवळ संपल्यावर. म्हणून माझं म्हणणं असं, की हा दिवा लागताच गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन बंद करावं आणि दुरुस्तीची सुरुवात कुठलाही भाग बदलण्याआधी दाब मोजण्यानं व्हावी. (झारीचं चित्र पिवळं असेल तर बऱ्याच गाड्यांत ते फक्त पातळी खाली गेल्याचं सांगतं, तिथे थोडी उसंत असते.)

क्रँकशाफ्ट आणि त्याचं बेरिंग यांच्यातली फट साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते आणि क्रँकशाफ्टचा दांडा त्या फटीतल्या ऑइलवर तरंगतो. हे तरंगणं कसं घडतं याचा उलगडा १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांच्या प्रयोगांतून होऊ लागला. बेरिंगला वरून तेल देण्यासाठी त्यांनी पाडलेल्या छिद्रातून तेल उलट वर येऊ लागलं. छिद्रात ठोकलेली लाकडी खुंटीसुद्धा त्यानं बाहेर ढकलली. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. फिरणारा दांडा तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो आणि तिथे प्रचंड दाब तयार होतो. मुसळधार पावसात वेगानं जाणारं टायर पाण्याच्या थरावर उचललं जातं, तसा दांडा तेलावर उचलला जातो. ऑइल पंपाचं काम ती फट सतत भरलेली ठेवण्याचं. पुरवठा तुटला की थर फाटतो, धातू धातूला घासतो, बेरिंगचा मऊ थर वितळतो आणि दांडा त्यातच अडकून बसतो. गॅरेजच्या भाषेत, इंजिन सीझ होतं.

आता त्या दिव्याकडे पाहू. साध्या गाड्यांत तो इंजिनावरच्या एका स्विचनं लागतो आणि हा स्विच साधारण ४ ते ७ पीएसआयच्या खाली दाब गेल्यावरच बोलतो. मेकॅनिक मंडळींचा जुना ठोकताळा सांगतो, की इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआयच्या आसपास दाब हवा. म्हणजे हायवेवर तीन हजार फेऱ्यांवर ३० पीएसआय हवेत. तिथे दाब १० वर आला तरी दिवा गप्पच राहील. स्विचची मर्यादा आयडलिंगसाठी ठरवलेली असते, धावत्या गाडीसाठी नव्हे. म्हणून वेगात असताना दिवा लागला, तर बेरिंगांची उपासमार आधीच सुरू झालेली असते. घाटातल्या वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर तो क्षणभर चमकून विझला, तरी दुर्लक्ष करू नये. पातळी इतकी खाली गेलेली असू शकते की ऑइल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळच्या टाकीत) एका बाजूला सरकताच पंपाच्या जाळीला हवा लागते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की बऱ्याचदा दोष स्विचचाच निघतो. ते खरं आहे. स्विच काही शे रुपयांत मिळतो, गळतो, बिघडतो आणि खोटी भीतीही घालतो. पण ‘आधी स्विच बदलून बघू’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो, कारण नवा स्विच जुन्यापेक्षा थोड्या कमी दाबावर चालणारा निघाला तर दिवा विझेल आणि रोग तसाच राहील. स्विच काढून त्याच जागी साधं यांत्रिक प्रेशर गेज लावणं हे फार थोड्या वेळाचं काम आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला आणि दोन हजार फेऱ्यांवर काटा काय दाखवतो ते कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून पाहावं. दाब योग्य असेल, तर स्विच किंवा वायरिंग दोषी आणि मालक निर्धास्त. आयडलिंगला, तेही तापल्यावरच कमी भरत असेल, तर ऑइल पातळ झालंय किंवा बेरिंगं झिजलीत. सर्वत्र कमी असेल, तर पंप, अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह किंवा गाळानं चोंदलेली जाळी. आपल्याकडे आणखी एक शक्यता मोठी: स्पीडब्रेकरवर किंवा दगडावर चेंबर आपटून आत चेपतो आणि जाळीचं तोंड अडवतो. डिपस्टिकवर ऑइल पुरेसं दिसतं, पंपाला मात्र मिळत नाही. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तिथे झिजलेल्या बेल्टचे कण जाळीत अडकतात. अशा वेळी चेंबर उघडल्याशिवाय इलाज नाही. जुना फिल्टर कापून त्याच्या घड्याही पाहाव्यात. त्यात धातूची चमक दिसली तर बेरिंगं झिजत असल्याची शंका पक्की होते.

रस्त्यावर चालकाच्या हाती एवढंच: सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक पाहणं. पातळी खूपच खाली असेल आणि खाली गळती दिसत नसेल, तर योग्य ग्रेडचं ऑइल भरून इंजिन सुरू करावं. काही सेकंदांत दिवा विझला नाही तर लगेच बंद. पातळी ठीक असूनही दिवा लागला असेल तर इंजिन सुरूच करू नये. पातळी खुणेच्या वर गेलेली दिसली आणि ऑइलला इंधनाचा वास आला, तर त्यात डिझेल किंवा पेट्रोल मिसळून ते पातळ झालेलं असतं. धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची स्वच्छता वारंवार अर्धवट राहणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हे घडतं.

‘जाड ऑइल टाका, दिवा जाईल’ हा तोडगाही सर्रास सांगितला जातो. दिवा जातोही, कारण जाड ऑइल रुंदावलेल्या फटींतून हळू निसटतं. पण त्यानं झीज भरून येत नाही, चोंदलेली जाळी मोकळी होत नाही, आणि पहाटेच्या थंडीत इंजिन सुरू होताना ते वरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं.

‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ म्हणणाऱ्यांनी आपल्या विम्याचा कागद वाचावा. भारतातल्या वाहन विम्याच्या प्रमाणित अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं, की बिघाडानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जबाबदारीवर. फुटलेला चेंबर भरून मिळू शकतो. तसंच पुढे रेटल्यानं सीझ झालेलं इंजिन मिळत नाही. त्या दोन किलोमीटरांची किंमत हजारो रुपयांचं इंजिनकाम असू शकते, तर टोइंगची सोय अनेक पॉलिसींत रोडसाइड असिस्टन्सबरोबर मिळते.

एक तपासणी मात्र रोज, काहीही खर्च न करता होते. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा लाल दिवा लागायलाच हवा. साध्या एका वायरच्या स्विचमध्ये वायर तुटली तर दिवा कधीच लागत नाही आणि डॅशबोर्ड निर्मळ दिसतो. चावी फिरवूनही झारीचं चित्र उजळलं नाही, तर त्याच आठवड्यात वायर, स्विच आणि दिवा तपासून घ्यावा.