भुकेल्या पोराला घाईने वाढू नये

खान्देशात कुपोषण म्हटलं की आकडे, मोर्चे आणि विधानसभेतला गदारोळ आठवतो. 1998 साली नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, पण साक्री-शिरपूरचे आदिवासी पाडे धुळ्यातच राहिले आणि तिथली पोरंही. अंगणवाडीतलं ग्राम बाल विकास केंद्र, त्यावर बाल उपचार केंद्र आणि शेवटी पोषण पुनर्वसन केंद्र ही कुपोषित मुलांवरच्या उपचारांची उतरंड. मला कित्येक वर्षं ओढ आहे ती या शेवटच्या पायरीवरच्या एका तक्त्याची : किती वजनाच्या मुलाला, किती तासांनी, किती मिलिलिटर.

त्याच्या मुळाशी जाताना 1996 चा एक लेख हाती लागतो. क्लेअर स्कोफिल्ड आणि अ‍ॅन अ‍ॅशवर्थ यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत तो लिहिला. दवाखान्यात दाखल झालेल्या तीव्र कुपोषित मुलांपैकी साधारण 20 ते 30 टक्के मरतात आणि पाच दशकांत हे प्रमाण हललेलंच नाही, असं त्यांनी मांडलं. अंगावर सूज असेल तर 50-60 टक्के. जगभरातल्या 79 केंद्रांकडे विचारणा केल्यावर संशय थेट उपचारांवरच आला : सुरुवातीलाच भरपूर प्रथिनं, भरपूर मीठ, सूज उतरवायला लघवीची औषधं. पोर उपाशी म्हणून आणलेलं आणि चुकीच्या उपचारानं दगावलेलं! वैद्यकशास्त्राला इतकं खडसावणारं लेखन मी फार कमी वाचलं आहे.

कारण साधं आहे. उपाशी शरीर काटकसरीवर चालतं. हृदय, यकृत, मूत्रपिंड सगळं मंदावतं. एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय कोलमडू शकतं. म्हणून आधी एफ-75 हे उपचारी दूध : 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी, प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. ताजं दूध 300 मिलिलिटर, साखर 100 ग्रॅम, तेल 20 मिलिलिटर, क्षार-खनिजांचं द्रावण आणि एक लिटर होईपर्यंत उकळून निववलेलं पाणी. लोहाचं औषध मात्र या टप्प्यात नाही.

आता तक्ता बघा. 5 किलोचं, सूज फारशी नसलेलं पोर : दर दोन तासांनी 55 मिलिलिटर, दिवसरात्र मिळून बारा वेळा. वाटी-चमच्यानं, बाटली नको. दिवसभरात 80 टक्केही पोटात गेलं नाही, तर नाकातून नळी. ती जठरातच आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासायचं आणि दूध दट्ट्यानं न ढकलता आपसूक उतरू द्यायचं. भूक परतली, सूज ओसरू लागली, की एफ-100, म्हणजे जास्त कॅलरीचं दूध. तेही पहिले दोन दिवस तेवढंच, मग थोडं थोडं वाढवत.

2017 मध्ये महाराष्ट्रात तयार पाकिटातल्या पोषक आहारावरून वाद पेटला, केंद्र सरकारचं पत्र आलं, वर्तमानपत्रं भरली. त्या धुरळ्यात रात्री दोनच्या वाटीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. खरं तर रात्रीचा खंड पडला की रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं आणि पोर हातचं जातं. रात्रपाळीला एकच परिचारिका आणि वॉर्ड भरलेला असेल, तर उत्तमातला उत्तम तक्ताही भिंतीवरच राहतो. पुढच्या वेळी आमदार किंवा पालकमंत्री धुळ्यातल्या वॉर्डाला भेट देतील, तेव्हा त्यांनी पाकिटं मोजू नयेत. रात्री दोनच्या रकान्यात सही कुणाची आहे, ते विचारावं.