न गळणारी गळती

ऊस-हंगामात कराडच्या आसपासच्या गॅरेजांत सकाळची एक तक्रार ठरलेली असते. कारखान्याच्या रांगेत रात्री बंद केलेला ट्रक पहाटे सुरू होत नाही. एकदा झाला की दिवसभर काही कुरकुर नाही. अशाच एका सकाळी समोर उभा होता तो जुना टाटा १६१३, ६९७ इंजिनाचा. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. या पिढीची इंजिनं आवाज फार करतात, पण लपवत काही नाहीत.

ड्रायव्हर सेल्फवर सेल्फ मारत होता. मिस्त्रींनी हात वर केला. "दादा, थांबा. बॅटऱ्या बसवशिला." मग ते इंजिनाकडे न जाता मागे सायलेन्सरपाशी गेले. धूर अजिबात नव्हता. पांढरा धूर असता तर डिझेल आत पोचतंय पण जळत नाही, म्हणजे कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा नोझल बघायचं. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही.

मालकाने नोझलकडे डिझेल ढकलणारा मोठा पंप आधीच काढून दुरुस्त करून आणला होता. संशय कायम पंपावरच जातो, कारण सगळ्यात महाग तोच. खरं तर त्या पंपाची इथे दया यावी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत नोझलमधून प्रचंड दाबाने डिझेल फवारलं जातं. डिझेल फारसं दबत नाही, हवा मात्र सहज दबते. पाइपात बुडबुडा अडकला की पंपातल्या प्लंजरचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही. याला गॅरेजमध्ये म्हणतात, गाडीनं एअर घेतली.

फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून मिस्त्रींनी हँडपंप मारला. आधी फेस, मग फसफसती धार, शेवटी स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, इंजिन धडधडलं. ड्रायव्हर खूश. "झालं की!"

"आत्ता झालं. उद्या पहाटं परत हेच."

पुष्कळ गॅरेजांत काम इथेच संपतं. काही ठिकाणी तर एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरून गाडी उठवतात, आणि तीच कारागिरी समजली जाते.

एअर शिरते कुठून, हा खरा प्रश्न. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे पाठवणाऱ्या फीड पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल बाहेर येतं, ओल दिसते. टाकी ते फीड पंप हा भाग मात्र ओढीचा. इंजिन चालू असताना तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, त्यामुळे फटीतून थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच फटीतून शिरलेली हवा डिझेलला टाकीत उतरू देते. फडक्याने कितीही पुसा, सांधा कोरडाच.

मिस्त्रींनी डिझेलचा कॅन फीड पंपाच्या वर टांगला आणि तिथूनच पुरवठा जोडून गाडी रात्रभर उभी ठेवली. कॅन उंचावर असला की कमजोर फीड पंपाचा दोषही झाकला जातो, म्हणून त्याचे व्हॉल्व्ह आणि जाळी आधीच तपासली होती. पहाटे अर्ध्या सेल्फात गाडी सुरू. म्हणजे पंप, फिल्टर, नोझल निर्दोष. दोष टाकीकडच्या लाइनमध्ये. मग जुनी लाइन परत जोडली, पण फीड पंपाच्या तोंडाशी पारदर्शक पाइपाचा तुकडा घालून. बारीक बुडबुडे रांगेने येताना दिसले.

चासीच्या वळणावरचा रबरी पाइप उन्हाने आणि वयाने ताठ झाला होता. क्लिप सोडल्यावर तिच्याखालच्या चिरा दिसल्या. क्लिप घट्ट करून हे भागत नाही. ताठ रबर आवळलं की आणखी चिरतं. पाइप बदलला, टाकीच्या सांध्यावरचा चपटा झालेला तांब्याचा वॉशरही नवा घातला.

पारदर्शक तुकडा मिस्त्रींनी तसाच ठेवला. "दोन दिवस सेल्फ मारायच्या आधी हितं बघायचं," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. "भरलेला दिसला तर मारा. रिकामा दिसला तर फोन करा, बॅटरी संपवू नका." मालक बाजूला पंपाचं बिल घडी करून खिशात ठेवत होता.