माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्डी भंगारात घालण्याआधी...

दिवाळीची साफसफाई निघाली की जुन्या घरांच्या माळ्यावरून एखादी जड पेटी खाली येते. आत काळ्या, धूळ खाल्लेल्या रेकॉर्डी. चावीचा फोनो कधीच मोडीत गेलेला असतो. मग 'आता या वाजवणार कशावर?' म्हणत रेकॉर्डीही भंगारवाल्याच्या गाड्यावर जातात. तसं करण्याआधी त्या काय आहेत, हे समजून घेतलेलं बरं.

तीन मिनिटांचं गाणं

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं. गौहर जान यांच्यासारख्या गायिका तेव्हा मोठ्या भोंग्यासमोर गायल्या. या रेकॉर्डी मिनिटाला ७८ फेरे घेत. दहा इंची रेकॉर्डीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. मैफलीत तासभर चालणारा राग गायकाला तेवढ्यात उभा करावा लागे. आलाप आवरता, ताना नेमक्या, एकही जागा वाया नाही. आज ही गाणी ऐकताना घाईची वाटली, तर त्यामागे हे कारण आहे.

सीमेपलीकडे गेलेला आवाज

आपल्या भागासाठी या रेकॉर्डींनी मोठं काम केलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. त्यांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून गदगचा एक मुलगा वेडा झाला आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गाणं शिकायला घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे पं. भीमसेन जोशी. पुढे त्यांना गुरू मिळाले ते कुंदगोळचे सवाई गंधर्व, म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य.

धारवाडला जन्मलेल्या गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी 'गांधारी हुबळी' या नावाने निघाल्या. त्यांची मातृभाषा कन्नड, पण त्या काळात त्यांनी मराठी भावगीतंही गायली. नंतर त्यांचा आवाज भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. तरुणपणीचा पातळ आवाज कसा होता, हे आज फक्त त्या रेकॉर्डीच सांगतात. म्हणून ती तबकडी फुटली की एक वस्तू गेली एवढंच होत नाही, पुरावाच जातो. कितीतरी जुनी गाणी आज ऐकायला मिळतात ती कुणा हौशी माणसाने आपली प्रत जपून ठेवली म्हणूनच.

जपायच्या कशा?

या रेकॉर्डी प्लास्टिकच्या नाहीत. दगडाच्या भुकटीत चपडी लाख मिसळून त्या बनवत, म्हणून हातातून निसटली की काचेसारखी फुटते. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतो ते त्याच गुणावर. त्यामुळे स्पिरिट किंवा सॅनिटायझरने रेकॉर्ड पुसायला गेलात तर गाणंच पुसलं जाईल. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढावी.

एकावर एक थप्पी लावू नये. वजनाने खालच्या तडकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, प्रत्येक रेकॉर्ड वेगळ्या कागदी पाकिटात. पावसाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात तापणारा पत्रा, दोन्ही वाईट. म्हणजे माळा ही त्यांची जागाच नव्हे.

एलपीच्या सुईवर त्या वाजवू नयेत. ७८ च्या रेकॉर्डीची चर जवळजवळ तिप्पट रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. जुन्या फोनोची पोलादी सुईही दर वेळी चर थोडी झिजवतेच. म्हणून योग्य यंत्रावर एकदाच नीट वाजवून संगणकावर उतरवून घ्यावी आणि मूळ प्रत जपून ठेवावी.

तेवढंही जमत नसेल, तर निदान मधल्या लेबलचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. गायकाचं नाव, राग आणि रेकॉर्डचा नंबर त्यावर असतो. जाणकार संग्राहकाला तेवढी खूण पुरते. भंगारवाला मात्र ती वाचत बसत नाही.