फेसाला खारंच पाणी लागतं

भंडाऱ्यात खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवायचं तर आधी समुद्र तयार करावा लागतो. मुंबईचा किनारा इथून सुमारे नऊशे किलोमीटर दूर. गावाजवळून वाहणाऱ्या वैनगंगेला स्वतःलाच खारं पाणी दिसतं ते वर्धेला भेटून प्राणहिता झाल्यावर, गोदावरीत शिरून, थेट बंगालच्या उपसागरात. मग हौशी लोक आरओचं पाणी घेतात, त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने पाकिटातलं समुद्री मीठ विरघळवतात, काही आठवडे टाकी मुरू देतात आणि मग क्लाउनफिश सोडतात.

टाकीखाली एक दुसरी टाकी असते, तिला संप म्हणतात. त्यात एक उभं पारदर्शक नळकांडं दिवसरात्र फसफसत असतं. वरच्या टोकाला निमुळती मान, मानेवर कप, आणि त्या कपात दोन-चार दिवसांत जे साचतं ते काळपट हिरवं, झाकण उघडताच नाक मुरडायला लावणारं. हा प्रोटीन स्किमर. मला या यंत्राचं अप्रूप वाटतं ते यासाठी, की त्यात ना जाळी, ना कापूस, ना औषध. ते पाणी चक्क हवेने धुतं.

माशांची विष्ठा, अंगावरची बुळबुळ, न खाल्लेले कण यांतून पाण्यात प्रथिनं आणि त्यांची भावंडं विरघळत राहतात. यातल्या पुष्कळ रेणूंचा स्वभाव दुटप्पी. एका भागाला पाणी हवं असतं, दुसऱ्याला पाण्याचा तिटकारा. समोर बुडबुडा आला की तो तिटकारा असलेला भाग हवेकडे तोंड करतो आणि रेणू बुडबुड्याच्या अंगाला चिकटून बसतो. बुडबुडा वर जातो, रेणूही जातो. भंडारा-गोंदियाच्या कोहळी शेतकऱ्यांनी तलाव बांधून त्यांच्या पाण्यावर ऊस पिकवला. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापला की मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. स्किमरचा कप हा तसाच झारा, फक्त इथे आच नाही. मळी वर आणायचं काम बुडबुड्यांचं.

आता थोडं गणित, कारण खरी गंमत त्यात आहे. एक लिटर हवेचे अर्धा मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले, तर त्या सगळ्यांच्या पृष्ठभागाची बेरीज १२ चौरस मीटर भरते. एखाद्या खोलीएवढी. घरगुती स्किमर तासाला ६०० लिटर हवा ओढत असेल तर तासाभरात ७,२०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास पावणेदोन एकर नवा पृष्ठभाग पाण्यातून वर जातो. बादलीएवढ्या नळकांड्यातून, दर तासाला, धानाच्या चांगल्या बांदीएवढा! बुडबुडे दुप्पट मोठे झाले की हे क्षेत्र निम्म्यावर येतं. म्हणून सगळा खेळ बुडबुडे बारीक ठेवण्याचा.

आणि ते बारीक ठेवतं मीठ. घरी करून बघा. साबणाचा अंशही नसलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या, दोन्ही पाऊण भरा. एकीत तीन लहान चमचे मीठ पूर्ण विरघळवा, मग दोन्ही सारख्याच जोराने हलवा. साध्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि भसाभस वर जाऊन फुटतात. खाऱ्या बाटलीत बारीक बुडबुड्यांचा दुधट ढग काही क्षण जास्त रेंगाळतो. पावसाळ्यात पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले की खाली पांढराशुभ्र कल्लोळ उठतो. पण ते पाणी गोडं, त्यामुळे त्या पांढऱ्याला टिकाव नाही. म्हणूनच रोहू-कटल्याच्या टाकीत हा स्किमर लावून फारसं काही हाती लागत नाही.

मीठ हे का करतं? १९९३ मध्ये कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या क्रेग, निनहॅम आणि पॅशली या तिघांनी वेगवेगळे क्षार घेऊन बुडबुडे मोजले. साध्या मिठाच्या बाबतीत लिटरला पाच-सहा ग्रॅमच्या आसपास बुडबुडे एकमेकांत मिसळायचं टाळू लागतात. समुद्र त्या उंबरठ्याच्या कितीतरी पुढे आहे. पण मिठातल्या सोडियमच्या जागी हायड्रोजन आणला, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं, की परिणाम गायब. कोणती जोडी बुडबुड्यांना अडवते आणि कोणती नाही याचा नियम त्यांना सापडला. त्या नियमामागचं कारण काय, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

स्किमर ‘सेट’ करणं म्हणजे पाणी संपून फेस सुरू होतो ती रेषा मानेत कुठे ठेवायची एवढंच. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह जास्त उघडला की रेषा खाली उतरते. फेसाला चढायला वेळ लागतो, वाटेत त्यातलं पाणी निथळतं आणि कपात थोडा, घट्ट, काळा माल येतो. व्हॉल्व्ह आवळला की रेषा वर येते आणि कोऱ्या चहासारखं पातळ पाणी भराभर साचतं. दोन्हीच्या मधे कुठेतरी थांबायचं. व्हॉल्व्ह केसभर फिरवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. नवा कोरा स्किमर तर पहिले काही दिवस कोणाचंच ऐकत नाही. आतल्या प्लॅस्टिकवर पाण्यातल्या पदार्थांचा पातळ थर बसेपर्यंत फेस नीट धरत नाही.

नीट लागलेल्या स्किमरच्या पाण्यात तेलकट बोट बुडवा. मानेतला फेस बघता बघता बसतो, कारण तेल बुडबुड्यांच्या पातळ भिंतींवर पसरून त्या फोडतं. माशांना तेलकट खाणं घातल्यावर स्किमर काही तास गप्प होतो तो याचमुळे. अशा वेळी व्हॉल्व्ह पिळत बसणाऱ्याचा कप रात्री भरून वाहतो.

आमच्याकडच्या मे महिन्याची तऱ्हा आणखी वेगळी. पारा पंचेचाळीसकडे झुकला की संपमधलं पाणी दिसामासाने नव्हे, तासातासाने उडतं. पातळी उतरली की फेसाची रेषाही उतरते आणि माणूस उगाच यंत्राला दोष देतो. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची, आणि पातळी एकाच खुणेवर राखायची. शिवाय वीज गेली की वरच्या टाकीतलं थोडं पाणी संपमध्ये उतरतं. वीज परतली की स्किमर त्या चढलेल्या पातळीवर सुरू होतो आणि उसळतो. सेटिंग बिघडलेलं नसतं. पाणी वर गेलं की तो आपोआप ताळ्यावर येतो.

एवढा फेस काढून पाणी किती स्वच्छ होतं? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळे स्किमर लावून पाण्यातला सेंद्रिय कार्बन मोजला. भल्याभल्या यंत्रांनी काढला तो साधारण २० ते ३५ टक्के. उरलेल्या रेणूंना बुडबुड्याचं आकर्षणच नाही, त्यांना जिवाणू खातात. कपातला गाळ तपासला तर त्यात नुसती प्रथिनं नव्हती. कॅल्शियम कार्बोनेट होतं, सिलिकाही होती. डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं सिलिकाचीच कवचं बांधतात. नायट्रेट मात्र या वाटेने जात नाही. ते पाण्यात सुखाने विरघळून राहतं, हवेकडे ढुंकूनही बघत नाही. त्यासाठी काही आठवड्यांनी पुन्हा मिठाचं पाकीट फोडून थोडं पाणी बदलावंच लागतं.