घरातील बिनतारी जाळे

मुलांनो, वाटून घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. एका विहिरीचे पाणी चार वाफ्यांना जाते. एका चुलीवर सारे घर जेवते. त्याचप्रमाणे एका घरातील अनेक यंत्रे आपल्याजवळची माहिती आणि बाहेरून आलेली इंटरनेटची एकच जोडणी परस्परांत वाटून घेऊ शकतात. तीही मध्ये तार न ओढता. या व्यवस्थेला बिनतारी जाळे किंवा वाय-फाय म्हणतात. ते कसे चालते, कसे उभारावे आणि ते वापरताना कोणती काळजी घ्यावी, हे आज पाहू.

खानदेशात कांग नदीच्या काठी जामनेर हे तालुक्याचे गाव आहे. तेथील आमचे घर जुन्या पद्धतीचे, धाब्याचे आहे. त्याच्या मातीच्या भिंती हातभर रुंद आहेत. माझ्या आईने जात्यावरच्या ओव्या एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या. त्या वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन आम्ही ती आतल्या खोलीतील संगणकात ठेवली होती. पुढे खुद्द वहीला वाळवी लागली आणि तिची बरीच पाने नाहीशी झाली. त्यामुळे संगणकातील ती चित्रे हीच आमची वही झाली.

एका पावसाळ्यात रस्ता खोदताना केबल तुटली आणि घरचे इंटरनेट बंद पडले. त्या संध्याकाळी माझी नात ओसरीवर टॅब घेऊन रडवेली होऊन बसली होती.

“आजोबा, नेट गेलं! आता आजीच्या ओव्या कशा मिळणार? उद्या सकाळी शाळेत म्हणायच्या आहेत.”

“ओव्या कोठे आहेत?” मी विचारले.

“आतल्या खोलीत, संगणकात. पण तिथे बाबा काम करताहेत.”

“आणि तू कोठे आहेस?”

“ओसरीवर.”

“मग ओसरीवरून आतल्या खोलीत जायला मुंबईला जाऊन यावे लागते का?”

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने टॅबवर संगणकाचा तो फोल्डर उघडला. सारी पाने तिच्यासमोर आली. बाहेरची जोडणी तुटली होती; घरातले जाळे शाबूत होते.

या दोन गोष्टींतील फरक आमच्या गावच्या आगगाडीवरून चांगला समजतो. जामनेरहून पाचोऱ्यास जाणारी अरुंद मापाची छोटी आगगाडी अनेक वर्षे धावत असे. पाचोऱ्यास मुंबई-भुसावळचा मोठा लोहमार्ग मिळे आणि तेथून देशात कोठेही जाता येई. गावातील गल्ल्या म्हणजे आपले घरातले जाळे, छोटी गाडी म्हणजे घरापर्यंत येणारी जोडणी आणि मोठा लोहमार्ग म्हणजे जगभर पसरलेले इंटरनेट, असे समजा. एखाद्या दिवशी छोटी गाडी आली नाही, म्हणून या आळीतून त्या आळीत जाणे थोडेच थांबते! आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. ते जगाचे दार होय. घरातील वाटा मात्र आपल्या आपण आखावयाच्या असतात.

आता प्रश्न असा, की हातभर रुंदीच्या भिंतीतून निरोप पार जातो कसा? तो विद्युत्‌चुंबकीय लहरींवर स्वार होऊन जातो. प्रकाश हाही अशाच लहरींचा बनलेला असतो; पण ज्या लहरी आपण येथे वापरतो त्या डोळ्यांना दिसत नाहीत. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी अशा लहरी भिंतीपार पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारूही पेटवून दाखविली. घरातील जाळ्यात प्रामुख्याने दोन प्रकारच्या लहरी वापरतात. एकीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते, तर दुसरीची सुमारे ६ सेंटिमीटर. लांब लहर भिंती ओलांडून अधिक दूर जाते. आखूड लहर एका वेळी अधिक माहिती वाहून नेते, परंतु भिंतींपुढे लवकर थकते.

एके काळी घरात साधा रेडिओ ठेवावयाचा, तरी परवाना काढावा लागे. बिनतारी जाळ्याच्या यंत्रांची शक्ती अगदी थोडी असते. म्हणून भारत सरकारने २००५ मध्ये नियम करून यांतील लांब लहरींच्या पट्ट्यातील अशा यंत्रांना परवान्यातून मुक्त केले.

एकाच खोलीत पाच जण एकदम बोलू लागले, तर कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही. यंत्रांचेही तसेच आहे. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी हवाई विद्यापीठात संगणकांचे एक बिनतारी जाळे सुरू केले. बेटांच्या मध्ये समुद्र असल्यामुळे त्यांना तारांवाचून मार्ग काढावयाचा होता. दोन यंत्रांचे निरोप एकमेकांवर आदळले, तर दोघांनी कमी-अधिक वेळ थांबून ते पुन्हा पाठवावेत, असा नियम त्यांनी घातला. आजच्या वाय-फायमध्ये ही शिस्त आणखी पुढे गेली आहे. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते, कोणी बोलत नसेल तरच बोलते आणि निरोप पोहोचल्याची पोच मिळाली नाही, तर तो पुन्हा पाठवते. सभेत आपली पाळी येईपर्यंत थांबावे, हे आपण मुलांना शिकवतो. यंत्रांनाही तेच शिकवावे लागले.

या जाळ्याच्या मध्यभागी जे छोटे यंत्र असते, त्याला राउटर म्हणतात. ते गावच्या पोस्टमनसारखे काम करते. घरातील प्रत्येक यंत्राला ते १९२.१६८.१.५ यासारखा एक क्रमांक देते आणि निरोपाचे तुकडे ज्याचे त्याला पोहोचवते. असा क्रमांक हजारो घरांत असू शकतो. तरी घोटाळा होत नाही. ‘मधली खोली’ प्रत्येक घरात असते, पण घरच्या माणसाला आपलीच मधली खोली कळते, तसेच हे आहे.

जाळे उभारण्याचे काम अवघड नाही. प्रथम राउटरची जागा ठरवावी. आम्ही तो आधी पुढच्या खोलीत लोखंडी कपाटामागे ठेवला होता. तेव्हा स्वयंपाकघरात काहीच पोहोचत नसे. धातू या लहरींना मागे परतवतो आणि पाणी त्यांना शोषून घेते. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि कपाट व पाण्याची टाकी यांपासून दूर ठेवावा. आम्ही तो मधल्या खोलीच्या दाराजवळ फळीवर ठेवला, आणि लहरींना उघड्या दारांची वाट मिळाली. वीज जाताच राउटरही बंद पडतो. म्हणून त्याला छोटी बॅटरी जोडली, की भारनियमनातही जाळे चालू राहते.

नंतर बाहेरून आलेली तार राउटरला जोडावी. राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता संगणकावर लिहिला, की त्याच्या व्यवस्थेचे पान उघडते. तेथे तीन कामे वडीलधाऱ्यांच्या देखत करावीत. पहिले, कारखान्यातून आलेला मूळ परवलीचा शब्द बदलावा. दुसरे, जाळ्याला नाव द्यावे. मात्र त्या नावात घरच्या माणसाचे नाव किंवा पत्ता नसावा. तिसरे, जाळ्यात शिरण्यासाठी वेगळा परवलीचा शब्द ठेवून ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ ही संरक्षणाची पद्धत निवडावी. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेली किल्ली चांगली. जन्मतारीख ही किल्ली नव्हे.

एवढा बंदोबस्त कशासाठी, असे तुम्ही विचाराल. लहरी आपल्या भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या गल्लीतही जातात. घराचे लाकडी दार लावलेले असले, तरी किल्ली नसलेल्या जाळ्याचे दार सताड उघडे असते. तेथून कोणी गैरकृत्य केले, तर चौकशी आपल्या उंबऱ्याशी येते.

यानंतर संगणकातील जो फोल्डर सर्वांना द्यावयाचा, तेवढाच वाटण्यासाठी खुला करावा. येथे आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. इतरांना तो केवळ पाहता यावा, की त्यात बदलही करता यावा? मी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले, आणि त्याची किंमत आम्हाला मोजावी लागली.

ओव्यांचा फोल्डर मी सर्वांना पूर्ण खुला ठेवला होता. एके दिवशी धाकट्या नातवाला टॅबवर खेळासाठी जागा हवी होती. ही आपल्या टॅबमधील जुनी चित्रे आहेत, असे समजून त्याने ती पुसून टाकली. ती टॅबमध्ये नव्हतीच. जाळ्यातून दिसणारी ती संगणकातील वही होती. जाळ्यातून पुसलेली फाइल बहुधा संगणकाच्या कचरापेटीतही उरत नाही. सुदैवाने बहुतेक पानांची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये होती. शेवटच्या नऊ पानांची प्रत मात्र मी काढलेली नव्हती. कागद वाळवीने नेला होता. आता चित्रेही गेली. त्या पानांवर माझ्या आईचे अक्षर होते.

नातू फार घाबरला होता. मी त्याला जवळ घेतले. चूक त्याच्या बोटांची असली, तरी दोष माझ्या व्यवस्थेचा होता. त्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून तो फोल्डर ‘फक्त पाहण्यासाठी’ केला आणि उरलेल्या पानांच्या दोन प्रती काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या.

मुलांनो, वाटून घेणे म्हणजे सारे उघडे टाकणे नव्हे. आपल्या पाळीची वाट पाहावी, दाराला किल्ली असावी, कोणाला काय करता येईल ते आधी ठरवावे आणि मोलाच्या वस्तूची प्रत वेगळी ठेवावी. एवढे केले, म्हणजे हातभर रुंदीच्या भिंतीआडची वहीही ओसरीवर बसून वाचता येते, आणि उद्या वाचणाऱ्यासाठी ती शिल्लकही राहते.

स्वाध्याय

१. बाहेरचे इंटरनेट बंद असतानाही नातीला ओव्या कशा मिळाल्या?
२. राउटर कोठे ठेवावा? त्याची कारणे सांगा.
३. “चूक त्याच्या बोटांची असली, तरी दोष माझ्या व्यवस्थेचा होता.” असे लेखक का म्हणतात?
४. तुमच्या घरातील कोणत्या कागदांची प्रत काढून ठेवणे आवश्यक आहे? वडीलधाऱ्यांना विचारून यादी करा.