उंट उरेल तो दुधावर

उंटाच्या कुबडात पाणी नसतं, चरबी असते, हे आपण पाहिलं. आता त्याचा माणसाला उपयोग काय ते बघू. राजस्थानातले राईका पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळत आले. गाडा, नांगर, ओझी, सगळं उंटावर. पण राईकांची खरी कमाई पुष्करच्या जत्रेत नर विकून व्हायची. ट्रॅक्टर आले, चराऊ रानं कमी झाली, गिऱ्हाईक घटलं. त्यात २०१५ च्या कायद्याने उंट राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आले. हेतू रक्षणाचाच होता, पण विकला न जाणारा नर गरिबाने पोसायचा कसा? देशात २०१२ साली सुमारे चार लाख उंट होते, २०१९ ला अडीच लाख. आम्हाला आशा वाटते ती दुधाची. दुष्काळात गाय आटते, तेव्हाही उंटीण दूध देते.