धरावे, मारावे आणि मधली त्रेपन्न वर्षे

ज्या कागदावर 'ध'चा 'मा' होऊन नारायणरावाला 'धरावे'चे 'मारावे' झाले, तो कागद कोणी पाहिला?

शनिवारवाड्यावरच्या गाइडच्या तोंडी तो असतो, नाटकात असतो, गोष्टीच्या पुस्तकातल्या चित्रात तर नारायणरावाचे चुलते राघोबादादा यांच्या पत्नी आनंदीबाई दौत-लेखणी घेऊन बसलेल्याच असतात. इतिहासाच्या छापील साधनांत मात्र तो नाही. ही हकिकत आपल्याला ठसठशीत मिळते ती जेम्स ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात, आणि ते पुस्तक निघाले १८२६ साली. नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी. म्हणजे मधे त्रेपन्न वर्षे गेली. शिवाय डफ जपून लिहितो. मूळ कागद पुढे न्यायाधीश रामशास्त्र्यांच्या हाती लागल्याचे तो लिहितो, पण फेरफार आनंदीबाईने केला अशी सर्वांची समजूत आहे, एवढेच म्हणतो. 'समजूत' हा शब्द आपण वाटेत कुठेतरी गाळला.

जव्हार-मोखाड्याच्या वाचकाला पुण्यातल्या या जुन्या खुनाचे काय, असे कोणी विचारील. एक तर या प्रकरणाची एक शेपटी आपल्याच डोंगरांत येऊन थांबते. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे जुन्या खुनांच्या, लुटींच्या आणि बंडांच्या गोष्टी भरपूर आहेत आणि त्या सांगणारेही भरपूर आहेत. नाही ते टाचण. कोणती गोष्ट कोणी, केव्हा, कशावरून सांगितली याची यादी कोणी करत नाही. ती कशी करतात, हे नारायणरावाच्या खुनामागे लागलेल्या हौशी मंडळींकडून शिकता येते.

हौशी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. यांपैकी बहुतेकांचा पोटापाण्याचा धंदा वेगळा होता. डफच्या इतिहासातल्या उणिवा १८६७च्या सुमारास जाहीरपणे मांडल्या त्या नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी, आणि ते तेव्हा विद्यार्थी होते. १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक काढले आणि घराघरांत पडलेल्या बखरी, पत्रे त्यातून छापायला सुरुवात केली. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत. नोकरी सांभाळून ते पटवर्धन सरदारांची दप्तरे वाचत बसले आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे भाग काढू लागले. वि. का. राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा.

यांनी खुनाचा छडा लावला का? नाही लावला. पण पुढच्या माणसाला तपासता येईल अशा रीतीने कागद मांडून ठेवले, आणि गेल्या शतकातल्या कुठल्याही तर्कापेक्षा ते काम मोठे आहे.

त्यात किती कष्ट होते, हे एका तारखेवरून कळेल. ३० ऑगस्ट १७७३ ही आपली सोय. त्या वेळच्या मराठी कागदांत ती नसते. तिथे असेल भाद्रपद शुद्ध १३, शके १६९५, किंवा 'छ ११ जमादिलाखर', सन अर्बा सबैन मया व अलफ. हे शुहूर सन म्हणजे ११७४, आणि ते मृग नक्षत्रापासून सुरू होते. पुष्कळ पत्रांत नुसता चंद्र, म्हणजे 'छ'पुढची तारीख आणि महिना, दिलेला असतो, सालच नसते. मग मजकुरातल्या माणसांवरून, मुक्कामावरून साल ठरवायचे. महिना चंद्रदर्शनावर धरलेला, त्यामुळे एखाद्या दिवसाची मागेपुढे चूक ठरलेली. आणि खुनाच्या प्रकरणात एका दिवसाने सारे फिरते. गारद्यांच्या, म्हणजे पगारी शिपायांच्या, कटाची कुणकुण देणारे पत्र तेराव्या तिथीच्या आधीचे की नंतरचे, यावर लिहिणारा शहाणा ठरतो की सोंगाड्या. म्हणून याच मोडकांनी जंत्री केली. तिन्ही कालगणना शेजारी शेजारी मांडलेले ते पुस्तक वरून पाहिले तर नुसते आकडे, पण ते नसते तर बाकीच्यांचे अर्धे वाद मिटलेच नसते.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. मंडळाची रीत अशी: कागद सापडला की सभेत वाचायचा, चार जणांनी त्यावर तुटून पडायचे, मग तो वार्षिक इतिवृत्तात किंवा पुढे त्रैमासिकात छापायचा. कुठे मिळाला, कोणाच्या घरातला, अस्सल की नक्कल, हे त्याच्यासोबत. ही मंडळी गोडीगुलाबीने नांदली असे मात्र कोणी समजू नये. राजवाड्यांचे मंडळाशीही बिनसले आणि ते अखेर धुळ्याला गेले. कागद आपल्याकडे आहे म्हणून त्यावरचा निष्कर्षही आपलाच, हा रोग तेव्हाही होता. फरक एवढाच की भांडणसुद्धा छापील पुराव्याचे पान दाखवून होई.

मंडळींच्या हाताला लागत नव्हते ते पुण्याचे पेशवे दप्तर. सरकारी ताब्यातल्या त्या हजारो रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, शिरायला खाजगी अभ्यासकाला सहज परवानगी नसे. ते काम शेवटी गो. स. सरदेसायांकडे आले. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या या माणसाने १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ भाग काढले. एवढे रुमाल उघडूनही आनंदीबाईच्या हातचा तो कागद बाहेर आला नाही. अर्थात त्या दप्तरात हिशेब फार आणि गुप्त मसलती थोड्या, तेव्हा एवढ्यावरून बाई निर्दोष ठरत नाही. पण आरोप सिद्ध करायचा तर कागद आरोप करणाऱ्याने आणायचा असतो.

या खुनाच्या कागदांची सूची केली की आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीत सुमारे पन्नास माणसांचा कटाशी संबंध लागला, आणि त्यांत गारद्यांपेक्षा ब्राह्मणांची संख्या जास्त होती. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ, तुळाजी पवार ही नावे निदान अभ्यासकांना ठाऊक असतात. बाकीची चाळीसहून अधिक माणसे कोणाच्या चाकरीत होती, कोणाचे नातेवाईक होती, पुढे त्यांच्या इनामांचे काय झाले? धन्याला वाचवताना मेलेला चाफाजी टिळेकर आठवतो, पण हे कारकून आणि मुत्सद्दी आठवत नाहीत. लोकांनी पन्नास जणांचा कट एका बाईच्या लेखणीत बसवून टाकला, कारण तशी गोष्ट सांगायला सोपी जाते. माझ्या मते या प्रकरणातला खरा न सुटलेला भाग आनंदीबाई नसून ती यादी आहे.

लंडनमध्ये १८८८ साली झालेल्या 'जॅक द रिपर'च्या खुनांचेही असेच झाले. खुनी कोण यावर पुस्तकामागून पुस्तक आले, प्रत्येकाचा आरोपी नवा. त्या गर्दीत खरा उपयोगी पडला तो पॉल बेग, मार्टिन फिडो आणि कीथ स्किनर यांचा १९९१चा कोश. माणसे, जागा, कागद, अफवा, सगळे अकारविल्हे लावलेले. आपल्याकडे १९३० साली न. चिं. केळकर आणि द. वि. आपट्यांनी 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' याच जातीचा केला. पत्राची तारीख, कोणी कोणाला, मजकुराचा सार, कुठे छापले आहे. नारायणरावाच्या खुनापुरता असा एक पत्रसार कोणी केला, तर पुढची भांडणे तरी शहाणपणाची होतील.

आता ती शेपटी. खुनानंतर राघोबादादा आणि त्यांच्याविरुद्ध एकवटलेले पुण्याचे कारभारी, म्हणजे बारभाई, यांचा झगडा पेटला, आणि त्याच्या ठिणग्या घाटमाथ्यावर पडल्या. राजूरकडचा महादेव कोळी नाईक जावजी बांबळे. बापाचे पद जुन्नरच्या अंमलदाराने त्याला दिले नाही म्हणून तो डोंगरात शिरला. तो दादांना सामील असल्याचा पुणे दरबाराला संशय होता. त्याने किल्ले घेतले, पुढे ते तुकोजी होळकराच्या हवाली केले आणि होळकराच्या रदबदलीने माफी मिळवली. एवढेच नव्हे, साठ गावांचा बंदोबस्त आणि कोळी बंडखोरांवर जीव घेण्या-राखण्याचा अधिकारही मिळवला. कालचा दरोडेखोर आज कोतवाल. १७८९ मध्ये त्याच्याच एका माणसाने त्याला जखमी केले आणि त्या जखमेने तो मेला.

हे सारे गॅझेटियरमध्ये आहे. गॅझेटियरमागे आहे कॅप्टन मॅकिंटॉश. अहमदनगरच्या पोलिसांवरचा हा अधिकारी, ज्याने १८३०च्या दशकात महादेव कोळ्यांची हकिकत लिहिली. पुन्हा चाळीसेक वर्षांचे अंतर, पुन्हा साहेबाने ऐकलेली गोष्ट. पुढच्या लेखकांनी जावजीविषयी दहा ठिकाणी लिहिले असेल, तरी टाचणावर ते दहा पुरावे म्हणून चढत नाहीत. दहाही जण मॅकिंटॉशच्याच विहिरीवर पाणी भरत असतील तर पुरावा एकच.

आपल्या भागाची अडचण यात भर घालते. जव्हार १९४८ पर्यंत मुकण्यांचे संस्थान. मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा. लागून असलेल्या दोन गावांपैकी एकाचा जुना गुन्हा संस्थानी दप्तरात आणि दुसऱ्याचा मुंबई इलाख्याच्या न्यायखात्यात असू शकतो. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला, पण जुने कागद काही त्या दिवशी नव्या जिल्ह्यात चालत आले नाहीत. म्हणून इथल्या हौशी संशोधकाने गोष्ट टिपताना गावाच्या नावापुढे त्या साली तिथे अंमल कोणाचा होता हे आधी लिहावे, सांगणाऱ्याचे वय लिहावे, त्याने ती कोणाकडून ऐकली ते लिहावे, आणि वही दुसऱ्याला वाचायला द्यावी.

जावजीला कोणी मारले हे शोधायचे तर वाट मोकळी आहे. इसवी सन १७८९ हे तिसा समानीन आणि तिसैन या दोन शुहूर सनांत विभागले जाते. पेशवे दप्तरात रोजकीर्दी आहेत, प्रांत अजमासाचे रुमाल आहेत. साठ गावांचा बंदोबस्त करणारा नाईक गेला, तर त्याच्या मुलाच्या, हिराजीच्या नावे ते काम चढवताना कारकुनाने कुठे ना कुठे एक ओळ खरडलेली असणार. मोडी येणाऱ्या कोणी त्या दोन सालांतल्या जुन्नर प्रांताच्या कागदांपासून सुरुवात करावी. ओळ सापडली तर रुमालाच्या क्रमांकासह छापावी, आणि न सापडली तर कोणते रुमाल पाहून झाले तेही छापावे, म्हणजे पुढचा माणूस तेच पुन्हा सोडत बसणार नाही.